वहीत लिहिलंस का?

गुरुवारी पुण्यात दोन गोष्टी जायची शक्यता असते, पाणी आणि लाइट. पाण्याची बातमी आदल्या दिवशी पेपरात येते, लाइटचा मेसेज मोबाइलवर येतो. आज दोन्ही जाणार आहेत. घरी पिंपं, बादल्या, पातेली रात्रीच भरून ठेवली. आमच्या तंत्रनिकेतनाच्या भागात देखभाल-दुरुस्तीसाठी १० ते २ वीज बंद. बाकीचे विभाग अशा दिवशी कुरकुरतात. माझी लॅब नेटवर्किंगची. मला हा दिवस सोन्यासारखा वाटतो. चालू असलेलं सगळं रीतसर बंद करायचं आणि चार तासांनी रीतसर उठवायचं, असं प्रॅक्टिकल तंत्रशिक्षण मंडळाच्या कुठल्याच अभ्यासक्रमात नाही, आणि नोकरीत मात्र पहिल्याच महिन्यात तेच करावं लागतं.

सकाळी ७.१५

धनकवडीहून स्कूटर, तोंडाला स्कार्फ, सातारा रस्ता. साडेसातच्या आत पोचलं तर लॅब माझ्या एकटीची असते. शिपाईमामांनी कुलूप उघडून ठेवलेलं असतं. आत शिरलं की आधी यूपीएसचा आवाज ऐकायचा. तो एकसुरी असला तर ठीक. मधेच पिक्‌ पिक्‌ करत असला तर एखादी बॅटरी गेली. आमचा यूपीएस कागदावर अर्धा तास टिकतो आणि प्रत्यक्षात दहा मिनिटं. त्यामुळे बंद करण्याचा सगळा कार्यक्रम दहा मिनिटांत बसवावा लागतो.

लॅब म्हणजे २० पीसी, एक जुना सर्व्हर, चोवीस पोर्टांचा एक मॅनेज्ड स्विच आणि भिंतीतून गेलेल्या तारा. त्यातल्या काही तारा कुठे जातात ते इमारत बांधणाऱ्यालाच ठाऊक. आणि दारामागे खिळ्याला सुतळीने अडकवलेली फुलस्केप वही. तिच्यात चार रकाने आहेत: वेळ, काय दिसलं, काय बदललं, कुणी. लॅबमध्ये कशालाही हात लावायचा तर आधी वहीत. मुलं या वहीला 'पोलीस स्टेशन' म्हणतात. म्हणोत.

८.००

दुसऱ्या वर्षाची बी-वन बॅच. आज केबल. पुस्तकात हा धडा अर्ध्या पानाचा आहे, माझ्याकडे दोन तासांचा.

तार सोलली की आठ रंगीत तारा दिसतात, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. पीळ का? बाहेरून आलेला खरखराट जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच चढतो, पलीकडचं यंत्र दोघींमधला फरक तेवढा वाचतं, म्हणून खरखराट वजा होतो. सगळी करामत त्या पिळात आहे. आरजे फॉर्टीफाइव्ह कनेक्टरमध्ये घालताना पीळ उलगडावा लागतो, तो अर्ध्या इंचापलीकडे उलगडायचा नाही. रंगांचा क्रम मुलं पाढ्यासारखा म्हणतात: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

तोंडपाठ असूनही हात चुकतो. खेडहून, म्हणजे राजगुरुनगरहून, रोज एसटीने येणारी एक मुलगी आहे. वर्गात पहिली. तिने दोन्ही टोकांना रंग आपल्या मनाने नीटनेटके लावले: पांढरा-हिरव्याशेजारी हिरवा, पांढरा-निळ्याशेजारी निळा. दिसायला ते जास्तच शहाणं दिसतं. टेस्टर लावला. एक ते आठ, सगळे दिवे ओळीने लागले.

"मॅडम, आठही लागले. सही?"

"वहीत लिहिलंस का?"

"चालणारी केबल काय लिहायची?"

मी सही केली नाही. खोक्यातलं सत्तर मीटरचं वेटोळं काढलं, म्हटलं हाच क्रम याच्या दोन्ही टोकांना मार आणि दोन पीसींमध्ये एक मोठी फाइल पाठव. हातभर तारेवर जे बिनबोभाट चाललं होतं ते इथे रखडायला लागलं. स्विचच्या पोर्टवर सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत खराब झालेल्या तुकड्यांचा, आकडा बघायला लावला. दर वेळी कमांड मारली की आकडा वाढलेला. ती गप्प झाली आणि मग स्वतःच कागदावर पिना काढायला बसली. तिसरी आणि सहावी पिन एका जोडीची असते. तिच्या केबलमध्ये तिसऱ्या पिनेवर पांढरा-हिरवा होता आणि सहावीवर निळा, म्हणजे दोन वेगळ्या जोड्यांतल्या दोन अनोळखी तारा. पीळ आहे, पण चुकीच्या सोबतिणीशी. साध्या टेस्टरला फक्त वीज पोचली की नाही एवढंच कळतं. कुणाचा पीळ कुणाशी आहे ते त्याला कळत नाही.

तिने वहीत लिहिलं: '८.५०. टेस्टर ओके. ७० मी. वर एरर. हिरवी जोडी फुटली होती. केबल फेकली नाही, लाल टेप लावून कपाटात.' शेवटचं वाक्य मला फार आवडलं. पुढच्या बॅचला दाखवायला अशी केबल विकत मिळत नाही.

तिच्याच शेजारी भोरकडचा एक मुलगा. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. त्याला लॅब मॅन्युअलमधलं इंग्रजी जड जातं, पण त्याच्या हातात क्रिम्पिंग टूल दिलं की बघत राहावं. कनेक्टर डोळ्यांसमोर धरून आठही तारांची टोकं शेवटपर्यंत पोचलीत का ते बघतो, बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत गेलंय का ते बघतो, मगच दाबतो. वायरमनकीचे संस्कार. आमच्याकडे दहावीला नव्वद टक्के मिळवून आलेल्यांना हे शिकायला वर्ष जातं. तंत्रनिकेतनाच्या प्रवेशात या हातांचं वजन कुठेच होत नाही, हे मी दरवर्षी बैठकीत बोलते आणि दरवर्षी इतिवृत्तात तसं नोंदवलं जातं.

९.४०

बंद करायचा क्रम. फळ्यावर लिहून देत नाही, त्यांच्याकडूनच काढून घेते. आधी काय बंद करायचं? एकाने सांगितलं, सर्व्हर, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा. मग सर्व्हरवर फाइल उघडून बसलेल्या २० पीसींचं काय? बरं, मग आधी पीसी. मग सर्व्हर. मग स्विच. यूपीएस शेवटी. उठवताना याच्या उलट: आधी स्विच, मग सर्व्हर, सर्व्हर पूर्ण उठला की मग पीसी. जो दुसऱ्यावर अवलंबून तो आधी झोपतो आणि उशिरा उठतो. आमचा सर्व्हर म्हातारा आहे, स्वतःच्या डिस्क तपासत तपासत उठायला सहा-सात मिनिटं घेतो. तेवढा वेळ हाताची घडी घालून बसणं हा त्या प्रॅक्टिकलचा सगळ्यात अवघड भाग.

१० ला दोन मिनिटं असताना स्विचचे दिवे विझले. वेळ वहीत.

१०.०० ते १.००

पंखे बंद, प्रोजेक्टर बंद. खिडक्या उघडून फळा आणि खडू. हे तीन तास मी जर्नल तपासायला वापरते, आणि जर्नल म्हटलं की माझा पारा चढतो.

तंत्रशिक्षण मंडळाचं छापील लॅब मॅन्युअल असतं. प्रत्येक प्रयोगाखाली रिकाम्या जागा: तुमच्या यंत्राचा आयपी पत्ता लिहा, मॅक पत्ता लिहा, पिंगला किती मिलीसेकंद लागले लिहा. कल्पना चांगली आहे. पण ही मॅन्युअल वर्षानुवर्षं हातोहात फिरतात. मॅक पत्ता हा नेटवर्क कार्डावर कारखान्यातच घातलेला आकडा, जगात दुसऱ्या कार्डावर तो नसावा अशी व्यवस्था. आणि माझ्यासमोरच्या गठ्ठ्यात सात जणांच्या यंत्रांचा मॅक पत्ता एकच. तोही ओळखीचा निघाला. तो पीसी गेल्या वर्षी भंगारात गेला. भंगारातलं यंत्र सात मुलांना चार मिलीसेकंदांत उत्तर देतंय.

मी मुलांवर रागावले नाही. मुलांचा दोष निम्माच आहे. त्यांना वाटतं नोंद ही परीक्षकासाठी असते, सबमिशनसाठी, सहीसाठी. शाळेपासून त्यांना तेच सांगितलंय. या धंद्यात नोंद स्वतःसाठी असते. आज रात्री अडीच वाजता आपण काय केलं हे उद्या सकाळी आठला आपल्याच जागी बसणाऱ्याला कळावं म्हणून असते. बहुतेक वेळा तो आपणच असतो, आणि आपल्यालाही आठवत नसतं.

म्हणून आज पंखा नसलेल्या वर्गात गिटलॅबची गोष्ट सांगितली. ३१ जानेवारी २०१७. लाखो लोकांचे प्रोग्रॅम सांभाळणारी कंपनी. डेटाबेसचे दोन सर्व्हर, एक मुख्य आणि एक त्याची प्रत. प्रत बिघडलेली, रात्र झालेली, दमलेल्या इंजिनिअरने प्रतीवरचं फोल्डर रिकामं करायला कमांड मारली. ती मारली गेली मुख्य सर्व्हरवर. लक्षात येऊन थांबवेपर्यंत ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअप? पाच प्रकारचे उपाय कागदावर होते. त्यातला एकही धड चालत नव्हता. त्याच इंजिनिअरने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत काढली होती, तिच्यावर सगळं तरलं.

पण मला मुलांना पुढचं सांगायचं होतं. कंपनीने त्या रात्री काय चाललंय याची नोंद सगळ्या जगाला दिसेल अशी उघडी ठेवली. किती वाजता काय केलं, काय चुकलं, आता काय करून बघतोय, मिनिटामिनिटाला. कंपनीने ब्लॉगवर छापलेल्या वृत्तांतात चूक करणाऱ्याचं नाव नाही, 'टीम मेंबर एक' एवढंच. मुख्य सर्व्हर आणि प्रत यांचे पडदे वेगळे दिसावेत म्हणून काय करायचं हेही त्यांनी पुढच्या कामांच्या यादीत टाकलं.

"त्याला काढलं नाही, मॅडम?" मागच्या बाकावरून.

नाही काढलं. आपल्याकडे काढलं असतं का, यावर मग दहा मिनिटं वाद झाला, आणि तो जर्नलपेक्षा उपयोगाचा होता.

वर्गात माझा दुसरा एक कायदा आहे: वहीत लिहिल्याशिवाय रिस्टार्ट नाही. मुलांना, आणि खरं तर सगळ्या पुण्याला, 'आधी रिस्टार्ट करून बघ' ही एकच विद्या येते. रिस्टार्टने बिघाड बऱ्याचदा जातो, पण जाताना स्वतःचे पुरावेही घेऊन जातो. मग तो पुढच्या आठवड्यात परत येतो आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर. एका चुणचुणीत मुलाने लगेच जुलै २०२४ काढला. १९ तारखेला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, तेव्हा खुद्द मायक्रोसॉफ्टने आपल्या अझूर क्लाऊडवरच्या यंत्रांसाठी पंधरा-पंधरा वेळा रिस्टार्ट करून बघा असं सांगितलं होतं. बरोबर आहे त्याचं. मी म्हटलं, पंधरा वेळा कर, पंधरा वेळा वहीत लिही.

१.००

डबा. भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी. स्टाफरूममध्ये लाइट नाही म्हणून कट्ट्यावर. तिसऱ्या वर्षाची मुलं येऊन बसतात. त्यांचा प्रश्न ठरलेला: मॅडम, पुढे काय?

मी गोड बोलत नाही. डिप्लोमावर मिळणारी पहिली नोकरी बहुधा एल-वन सपोर्टची. हिंजवडी नाही तर खराडी, तीन पाळ्या, रात्रीची कॅब, पडद्यावर लाल झालेल्या ठिपक्याचं तिकीट फाडायचं आणि लिहून दिलेल्या पायऱ्यांप्रमाणे वर पाठवायचं. कित्येकदा पगारपत्रकावर तिसऱ्याच कंपनीचं नाव. घरच्यांना हे सांगितलं की ते विचारतात, म्हणजे सॉफ्टवेअर नाही का? मुलं तिथेच दोन वर्षं तिकिटं ढकलत राहिली तर कंटाळून कोडिंगच्या क्लासला जातात. जी मुलं प्रत्येक तिकिटाखाली स्वतःच्या दोन ओळी जास्त लिहितात, ती वर सरकताना मी पाहिली आहेत. यात जादू काही नाही. रात्री तीनला वरच्या माणसाला उठवावं लागलं नाही तर तो तुम्हाला लक्षात ठेवतो.

सर्टिफिकेटचं विचारतात. मी रेड हॅटच्या परीक्षेची बाजू घेते, फी परवडत असेल तर. तिथे पर्यायांवर टिकमार्क करायचा नसतो. समोर यंत्र ठेवतात, कामं सांगतात, आणि तुम्ही केलेलं यंत्र पुन्हा सुरू केल्यावरही टिकलं पाहिजे. टिकलं नाही तर केलंच नाही असं धरतात. हे ऐकून एक जण म्हणाला, फारच कडक आहे.

सी-डॅकचं कुणीतरी विचारतंच. पुण्यात राहून ते नाव न ऐकलेला मुलगा नसेल. अमेरिकेकडून महासंगणक मिळणं अवघड झालं म्हणून १९८८ मध्ये सी-डॅक उभी राहिली, विजय भटकर तिचे प्रमुख, आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. हा इतिहास मुलांना पाठ असतो. तिथला आयटी पायाभूत सुविधा आणि सुरक्षेचा पदव्युत्तर डिप्लोमा मात्र पदवीनंतरचा, सी-कॅट देऊन. म्हणजे आधी थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग, मग ते. एवढा दम सगळ्यांच्या घरी नसतो.

एकाने विचारलं, मॅडम, क्लाऊडमुळे ही कामं जाणार ना? त्याला एवढंच सांगितलं की मायक्रोसॉफ्टच्या अझूरचा 'सेंट्रल इंडिया' नावाचा विभाग २०१५ पासून पुण्यातच आहे. तिथेही तारा आहेत, तिथेही स्विच आहेत, आणि लाल ठिपका दिसल्यावर तिथेही कुणीतरी खुर्चीतून उठतंच.

२.०५

लाइट पाच मिनिटं उशिरा आली. मी प्राचार्यांच्या खोलीत होते, लॅबमध्ये बी-टू बॅच आधीच बसलेली. त्यांनी स्विच लावला, सर्व्हरचं बटण दाबलं, आणि मग तरण्याताठ्या पोरांकडून जे व्हायचं तेच झालं. सहा मिनिटं कोण थांबणार? निम्म्यांनी पीसी लगेच चालू केले.

मी पोचले तेव्हा गोंधळ सुरू झालेला. "मॅडम, नेट नाही." "मॅडम, सर्व्हर दिसत नाही." "माझ्याकडे दिसतोय." शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचं चालतंय, एकाचं नाही. हात रिस्टार्टच्या बटणाकडे गेलेले. मी दारातूनच ओरडले, हात मागे. आयपी वाचा.

नऊ जणांचे पत्ते १९२.१६८.० ने सुरू होणारे. आमच्या लॅबचे १०.१०.५ ने सुरू होतात. म्हणजे पत्ता मिळालाय, पण आमच्या सर्व्हरने दिलेला नाही. कुणीतरी दुसराच पत्ते वाटतोय.

"हे नऊच का?" मी विचारलं.

बराच वेळ कुणी बोलेना. मग सकाळची ती खेडची मुलगी, जी खरं तर सामान घ्यायला परत आली होती, वही काढून उभी राहिली. बी-टूवाल्यांनी निदान नोंद केली होती, प्रत्येकाने आपापल्या यंत्राची: २.०६, २.०७, २.०७, मग २.१४, २.१५. तिने बोट ठेवून पत्ते आणि वेळा जुळवल्या. चुकीचा पत्ता असलेली सगळी यंत्रं २.१० च्या आधी सुरू झालेली. बाकीची सगळी नंतरची.

तिथून पुढे गाठ सुटत गेली. पीसी उठला की आधी विचारतो, कालचाच पत्ता वापरू का? आपला सर्व्हर जागा असेल तर हो म्हणतो आणि विषय संपतो. सर्व्हर अजून डिस्क तपासत बसलेला असेल तर पीसी मोठ्याने नवी हाक मारतो, आणि जो पहिला ओ देईल त्याचा होऊन जातो. ही ओ कुणाची?

तिच्याबरोबर आलेल्या भोरच्या मुलाने नऊपैकी एका यंत्रावर गेटवेचा मॅक पत्ता काढला. खरा, या वेळी. मग स्विचवर जाऊन विचारलं, हा मॅक कुठल्या पोर्टमधून बोलतोय? उत्तर आलं, पोर्ट २३.

आता गंमत अशी की पोर्ट २३ मुका असायला हवा होता. बुधवारच्या बॅचचं प्रॅक्टिकलच ते होतं: रिकामे पोर्ट, २३ आणि २४, लॅबच्या नेटवर्कपासून तोडून व्हीलॅन ९९ या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये टाका, म्हणजे कुणी कुठेही काहीही खुपसलं तरी ते लॅबपर्यंत पोचणार नाही. वहीत बुधवारची नोंद होती: '४.२०. २३ आणि २४ व्हीलॅन ९९. पिंग जात नाही, तपासले.' खाली तिघांची आद्याक्षरं. स्विचवर यादी मागवली. चोवीसच्या चोवीस पोर्ट व्हीलॅन एकमध्ये. ९९ चा मागमूस नाही.

बुधवारच्या तिघांतला एक वर्गात होता. त्याने आधी छातीठोकपणे सांगितलं की केलं होतं, सगळ्यांनी बघितलं होतं. मग त्याचा चेहरा बदलला. स्विचवर दोन पोथ्या असतात. एक चालू, ती चालतीबोलती आठवण, वीज असेपर्यंतची. दुसरी आरंभाची, वीज गेल्यावर टिकणारी. चालू पोथीतला बदल आरंभाच्या पोथीत उतरवायला एक वेगळी कमांड लागते. ती मारली नव्हती. प्रॅक्टिकल जमलं, पिंग थांबला, टाळी दिली, घरी गेले. चार तासांची वीज बंद, आणि स्विच बुधवारच्या आधीच्या आठवणीवर उठला.

उरला ओ देणारा. पोर्ट २३ ची तार भिंतीतून कुठे जाते ते ठाऊक असणारं कुणी नाही, म्हणून दोघे कॉरिडॉरमध्ये तार शोधायचा टोनर घेऊन, भिंतीला कान लावून. तिसऱ्या खोलीत सापडला. कागदपत्रं सांभाळणाऱ्या भाऊसाहेबांच्या टेबलाखाली, घरून आणलेला जुना वायफाय राउटर. तार चार पिवळ्या भोकांपैकी एकात. निळ्या भोकात घातली असती तर एवढं रामायण झालं नसतं. भाऊसाहेब निरागसपणे म्हणाले, "सकाळी लावला होता, नेट काही आलं नाही. म्हटलं असू दे तसाच, होईल चालू." सकाळी आलं नाही कारण तेव्हा व्हीलॅन ९९ जागेवर होता.

म्हणजे तीन गोष्टी एकत्र यायला लागल्या: न उतरवलेली पोथी, भाऊसाहेबांचा आशावाद, आणि सहा मिनिटांचा धीर नसलेली नऊ मुलं. यातली एक जरी नसती तरी काही झालं नसतं. मी नोकरीतल्या माजी विद्यार्थ्यांकडून मोठमोठ्या बिघाडांची वर्णनं ऐकते, ती जवळजवळ सगळी अशीच असतात. एकच गुन्हेगार फारसा सापडत नाही. आणि पुस्तकात प्रत्येक बिघाडाला एकच कारण दिलेलं असतं, ते पाच गुणांचं.

३.४० ला राउटर बाहेर, व्हीलॅन परत, पोथी उतरवलेली. नोंद बी-टूच्या पोरांनी केली. पाऊण पान झाली, आणि कुणी सांगायची वेळ आली नाही.

५.१५

कनेक्टर संपलेत, केबलचं खोकं अर्ध्यावर. खरेदीची रीतसर फाइल फिरेपर्यंत सत्र संपेल, म्हणून किरकोळ खर्चातून तपकीर गल्ली. दोन मुलांना बरोबर घेते, कारण तिथे जे शिकायला मिळतं ते माझ्याकडे नाही. बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे वायर, दिवे, कॅमेरे, स्पीकर, सोल्डरिंगची कथिलाची रिळं, दुकानांपेक्षा माल बाहेर जास्त आणि मालापेक्षा दुचाक्या जास्त.

एका दुकानात दोन खोकी ठेवली. दोन्हीवर कॅट सिक्स छापलेलं. किमतीत जवळजवळ निम्म्याचा फरक. भोरच्या मुलाला विचारलं, कुठलं घेऊ? त्याने आधी दोन्ही खोकी उचलून बघितली. स्वस्त खोकं हलकं. मग दुकानदाराची परवानगी घेऊन टोकाची एक तार ब्लेडने खरवडली. वरून तांबूस, आतून पांढरी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. सीसीए म्हणतात त्याला. दहा-पंधरा मीटर चालते, वाकवली की आतल्या आत तुटते, आणि तिच्यातून कॅमेऱ्याला वीज पाठवली तर तापते. दुसरी तार खरवडली तर खोलवर तांबंच.

दुकानदार हसला. म्हणाला, "मॅडम, तुमच्यासाठी तांब्याचंच काढणार होतो. सोसायटीवाले मागतात ते हे. कॅमेरे लावणारा माणूस वर्षभरात बदलतो, मग कोण विचारतंय?" मुलाने विचारलं, पण खोक्यावर लिहिलेलं का नाही? त्याचं उत्तर दुकानदाराकडे नव्हतं. बिलावर मात्र मी 'शुद्ध तांबे' असं लिहून घेतलं, जीएसटी नंबरासकट. मुलं चकित झाली. त्यांना वाटत होतं लिहून घ्यायचं वेड मला लॅबपुरतंच आहे.

९.३०

जेवणं झाली, पाणी अजून आलेलं नाही. उद्याच्या प्रॅक्टिकलची तयारी. बुधवारच्या बॅचला शिक्षा करायची का, असं नवऱ्याने विचारलं. कसली शिक्षा? त्यांचं काम जमलं होतं, मॅन्युअलमध्ये सांगितलेली प्रत्येक पायरी त्यांनी केली होती. मॅन्युअलमध्ये स्विच बंद करून चालू करा असं कुठेच लिहिलेलं नाही.

म्हणून उद्यापासून सहीची पद्धत बदलतेय. काम झालं, पिंग दाखवला की मी येणार, स्विचची पिन काढणार, पुन्हा लावणार, आणि तो उठेपर्यंत आम्ही सगळे थांबणार. त्यानंतर जे दिसेल त्यावर सही. एका बॅचच्या दोन तासांत हे बसणार नाही, हे आत्ताच दिसतंय. निम्म्या मुलांची प्रॅक्टिकल पुढच्या आठवड्यावर जातील, विभागप्रमुख वेळापत्रक दाखवतील. एप्रिलमध्ये बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना हे चालेल का, तेही विचारायला हवं. नसेल चालत तर परीक्षेला मॅन्युअलप्रमाणे, लॅबमध्ये माझ्याप्रमाणे.